दात साफ करायला किती महिन्यांनी जायचं?

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. मागच्या भागात अक्कलदाढेवर बोललो, त्यावर बरेच मेसेज आले. त्यातल्या एका मेसेजवर आजचा अख्खा भाग काढायचं ठरवलं. प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर मी स्वतः काही वर्षं चुकीचं देत होते. का, ते पुढे सांगतेच.

मेसेज न्यू जर्सीहून आलाय. त्या म्हणतात, 'ताई, इथे आम्हाला वर्षातून दोन क्लीनिंग इन्शुरन्समध्ये मिळतात, त्यामुळे आम्ही जातोच. आई सातारा जिल्ह्यात असते, वय ६७, शुगर आहे. ती म्हणते, दात दुखत नाहीत तर कशाला जाऊ, आणि साफ केले की दात हलायला लागतात. तिला दर सहा महिन्यांनी पाठवायचं का? तिथे तर सगळा खर्च खिशातून.'

एका मेसेजमध्ये चार प्रश्न आहेत बघा. किती महिन्यांनी, दुखत नसताना का, साफ केल्यानं दात हलतात का, आणि पैसे.

आधी सहा महिन्यांचं बघू. हा आकडा कुठून आला? आम्ही कॉलेजात शिकलो तेव्हा तो असा सांगितला जायचा, जणू पाण्याचा उत्कलनबिंदूच. खरं तर त्यामागे कुणी मोठा प्रयोग करून सहा हा आकडा काढलाय असं नाही. अमेरिकेत १९२९पासून एका टूथपेस्ट कंपनीनं रेडिओवरचा एक अतिशय लोकप्रिय विनोदी कार्यक्रम प्रायोजित केला होता. त्यातून रोज लोकांच्या कानावर पडायचं, की दिवसातून दोनदा आमची पेस्ट वापरा आणि वर्षातून दोनदा डेंटिस्टला भेटा. सल्ला त्याआधीही दिला जायचा म्हणा, पण घराघरांत पोचला तो असा. पुढे तिकडच्या विमा योजनांनी वर्षाला दोन भेटींचे पैसे द्यायला सुरुवात केली आणि आकडा पक्का झाला.

१९७७मध्ये लंडनच्या ऑब्री शीहॅम यांनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून सरळ विचारलं, की दर सहा महिन्यांनी दात तपासायला शास्त्रीय आधार काय? शीहॅम स्वतः दंतवैद्यच. व्यवसायातल्या लोकांना ते फारसं आवडलं नसणार, हे मी सांगायला नको. पण प्रश्न खरा होता. २००४मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मोठ्या माणसांसाठी ३ महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंत कितीही अंतर असू शकतं असं म्हटलं. मुलांसाठी ३ ते १२ महिने. म्हणजे काय, तर तोंड बघून ठरवा.

मग प्रत्यक्ष चाचण्याही झाल्या. २०१८मध्ये स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या ६३ दवाखान्यांतल्या १,८७७ लोकांवरचा अभ्यास आला. काहींचं दर सहा महिन्यांनी स्केलिंग, काहींचं वर्षानं, आणि काहींचं तीन वर्षं अजिबातच नाही. तीन वर्षांनंतर हिरड्यांतून रक्त येण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. २०२०मध्ये आणखी एक आला, ५१ दवाखाने, २,३७२ लोक, चार वर्षं. सहा महिन्यांनी तपासणी, चोवीस महिन्यांनी तपासणी आणि माणूस बघून ठरवलेली तपासणी. तिथेही हिरड्यांच्या बाबतीत फरक नाही.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, 'चला, सुटलो!' जरा थांबा. या चाचण्यांत कोण होतं ते बघायला हवं. ते सगळे आधीपासून नियमित डेंटिस्टकडे जाणारे लोक होते. ज्यांच्या हिरड्यांचा आजार फार पुढे गेलाय त्यांना स्केलिंगच्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. आणि दुसऱ्या अभ्यासात २४ महिन्यांच्या गटात तेच लोक टाकले, ज्यांना दोन वर्षं न बघितलं तरी चालेल असं त्यांच्या डेंटिस्टचं मत होतं. माझ्या खुर्चीत बसणारा माणूस असा नसतो हो. तो पंचेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा येतो, तेही रात्रभर लवंग दाढेत धरून.

म्हणून दुसरा अभ्यास सांगते, तो आपल्या शेजारचा आहे. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतले ४८० पुरुष कामगार. हॅराल्ड लो आणि त्यांचे सहकारी १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं त्यांचे दात तपासत राहिले. हे लोक ब्रश करत नव्हते, डेंटिस्टकडे जात नव्हते. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. एकच काम, जवळपास एकच खाणं, एकच सवयी. तरी निकाल तीन तऱ्हांचा. ११ टक्के लोकांच्या हिरड्या नुसत्या सुजलेल्याच राहिल्या, आजार खाली हाडापर्यंत गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा हळूहळू वाढला. आणि ८ टक्के असे, की पस्तिशीत बारा दात गेलेले आणि पंचेचाळिशीत तोंडात एकही दात नाही.

एकाच मळ्यातले लोक आहेत हे. त्यातल्या ११ टक्क्यांना आणि ८ टक्क्यांना मी एकच आकडा कसा सांगू?

आता माझी चूक. माझे एक मामा आहेत, आईचे धाकटे भाऊ. मी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते. मामांनी कौतुकानं विचारलं, 'काय गं डॉक्टर, दातांसाठी काय करायचं आम्ही?' मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, दर सहा महिन्यांनी क्लीनिंग करून घ्या, बाकी काही होणार नाही. मामा म्हणजे शिस्तीचा माणूस. एलआयसीचा हप्ता चुकेल, पण भाचीनं सांगितलेलं चुकणार नाही. त्यांनी घराजवळचा एक दवाखाना धरला आणि दर जानेवारी-जुलैला जायला लागले.

नऊ वर्षांनी दिवाळीत फराळाला आम्ही सगळे जमलो होतो. मामा चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत होते. मी म्हटलं, काय हो मामा? तर म्हणाले, 'उजवीकडची दाढ जरा हलल्यासारखी वाटते. दुखत नाही काही.' पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात बसवलं. एक्स-रे काढला. उजवीकडच्या खालच्या दोन्ही दाढांभोवतीचं हाड जवळजवळ संपलेलं. हिरडी आणि दाताच्या मधली फट मोजली, आठ मिलिमीटर, नऊ मिलिमीटर. निरोगी हिरडीत ती एक ते तीन असते. शुगर तपासून घेतली, तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, ९.१. त्यांना मधुमेह होता हे मला माहीत होतं. तो आटोक्यात नाही हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मामांनी एक फाइल आणली होती. त्यात अठरा पावत्या, नीट लावलेल्या. प्रत्येकीवर 'स्केलिंग आणि पॉलिशिंग'. आणि त्या अख्ख्या फाइलमध्ये हिरड्यांच्या मापाचा एक कागद नाही. नऊ वर्षांत एक्स-रे एकही नाही. दर वेळी वरून दिसणारं कीटण काढलं, दात चकचकीत केले आणि पुढची तारीख दिली.

मामा मला म्हणाले, 'अगं, मी एकदाही चुकवलं नाही गं. मग कुठे चुकलं?'

याचं उत्तर मला देता आलं नाही त्या दिवशी. त्या दवाखान्याला नावं ठेवणं सोपं होतं, आणि मनातल्या मनात ठेवलीही. पण नऊ वर्षं दर दिवाळीला मी त्यांच्या शेजारी बसून फराळ केला होता. एकदाही म्हटलं नव्हतं, मामा, तोंड उघडा बघू. मी आकडा दिला आणि मोकळी झाले. दोन्ही दाढा काढाव्या लागल्या. काढल्या मीच.

असो. तर हे जे झालं ते समजण्यासाठी क्लीनिंगमध्ये नेमकं काय होतं ते कळायला हवं.

आपण ब्रश करतो तेव्हा दातांवरचा मऊ, चिकट थर निघतो. त्याला आम्ही प्लाक म्हणतो. तो नाही निघाला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होऊ लागतो. तेच कीटण. खालच्या पुढच्या दातांना आतून जीभ लावून बघा, खरखरीत लागतं ना? तिथे लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून तिथे लवकर साठतं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तसंच. कीटण एकदा बसलं की ब्रशनं निघत नाही, मीठ-लिंबू चोळूनही निघत नाही. मीठ-लिंबू चोळूच नका, त्यानं दाताचं वरचं आवरण झिजतं.

हे झालं हिरडीच्या वरचं. ते दिसतं, टोचतं, फोटोत वाईट दिसतं. पण हाड जे जातं ते हिरडीच्या खालच्या थरामुळे, आणि तो आरशात दिसत नाही. त्याचं दुखणंही नसतं. दात किडला की ठणकतो, हिरडीचा आजार ठणकत नाही. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, दात लांब दिसायला लागतात, मध्ये घास अडकतो. बस, एवढंच. आणि तंबाखू किंवा सिगारेट असेल तर रक्तसुद्धा कमी येतं, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त धोका, त्याच्याकडे धोक्याची घंटाच बंद.

म्हणून खुर्चीत बसल्यावर पहिलं काम मशीन चालू करण्याचं नसतं, मोजण्याचं असतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते, प्रोब म्हणतात तिला. ती प्रत्येक दाताभोवती हलकेच फिरवायची. कुठे तीन, कुठे पाच, कुठे रक्त आलं, ते लिहून ठेवायचं. सवय असेल तर दहा-पंधरा मिनिटांचं काम. तुम्ही डेंटिस्टकडे जाल तेव्हा बिनधास्त विचारा, 'डॉक्टर, हिरड्यांचं माप घेतलंत का? किती आलं?' आम्हाला राग येत नाही. आणि आला तर येऊ द्या.

या मापावरून अंतर ठरतं. सगळीकडे तीनच्या आत, रक्त नाही, तंबाखू नाही, शुगर नाही, ब्रश नीट, असा माणूस वर्षानं आला तरी माझी हरकत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये ५,११७ लोकांच्या सोळा वर्षांच्या विमा नोंदी तपासल्या. ज्यांना सिगारेट, मधुमेह आणि हिरडीच्या आजाराशी जोडलेली एक आनुवंशिक खूण, यांतलं काहीच नव्हतं, त्यांनी वर्षातून एकदा क्लीनिंग केलं काय आणि दोनदा केलं काय, दात काढावे लागण्यात ठोस फरक नव्हता. यांतलं काही असलेल्यांना मात्र दोन भेटींचा फायदा दिसला.

रक्त येतंय, कीटण भराभर साठतंय, पण हाड शाबूत आहे, अशांना मी सहा महिने सांगते. म्हणजे सहा हा आकडा वाईट नाही, तो एका प्रकारच्या माणसाचा आकडा आहे. दात वेडेवाकडे असतील, तारा लावलेल्या असतील, तर कधी कधी त्याहून लवकर.

आणि ज्यांचं हाड एकदा गेलंय, खोल सफाई झालीय, त्यांना तीन महिने. हे तीन महिने मात्र हवेतून आलेले नाहीत. हिरडीखालची खोल सफाई केल्यावर तिथले जिवाणू काही आठवड्यांत परत जमायला लागतात, आणि साधारण तीन महिन्यांत पुन्हा त्रास देण्याइतके होतात. ते जमण्याआधी उठवायचे. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही, उरलेलं राखायचं असतं. वर्षभर सगळी मापं स्थिर राहिली तर तीनाचे चार करायचे, मग सहा. बिघडली तर परत तीन.

मशेरी लावणाऱ्या आया-बहिणी, गुटखा-तंबाखूवाले, यांना मी क्लीनिंगसाठी नाही, तर तोंड बघण्यासाठी बोलावते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, पण माझ्या खुर्चीत ती बंदी पोचलेली नाही. तोंड नीट उघडत नाही, तिखट झोंबतं, गालात आत पांढरा चट्टा दिसतो, असं असेल तर सहा महिन्यांची वाट बघू नका. दोन आठवड्यांत न भरणारा कुठलाही व्रण दाखवायचाच. कीटण नंतर बघू.

आता आईचा दुसरा मुद्दा, साफ केलं की दात हलतात आणि फटी पडतात. हे मी रोज ऐकते. होतं असं, की हाड आधीच गेलेलं असतं. फटीत कीटण भरून बसलेलं असतं आणि हिरडी सुजून ती फट झाकते. पडक्या भिंतीला मातीच्या ढिगाऱ्यानं धरून ठेवावं तसं. ढिगारा काढला की भिंत किती पोकळ झालीय ते दिसतं. भिंत काही काढणाऱ्यानं पोकळ केलेली नसते. सूज उतरली की दात थोडे लांब दिसतात, काही दिवस गार पाणी झोंबतं. हे आधी सांगितलं तर लोक समजून घेतात. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. त्यामुळे चूक पेशंटची कमी आणि आमची जास्त आहे.

पैशाचं. आपल्याकडे बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचे नेहमीचे उपचार येत नाहीत. अमेरिकेत साफसफाई हायजिनिस्ट करते. आपल्याकडे १९४८च्या डेंटिस्ट कायद्यानं हायजिनिस्टची तरतूद केली होती, पण गावोगावच्या दवाखान्यांत ती दिसत नाही, डेंटिस्टच सगळं करतो. त्यामुळे प्रत्येक भेट म्हणजे थेट खिशाला हात. म्हणूनच मला वाटतं, ज्याला गरज नाही त्याला सहा महिन्यांनी बोलावून ते पैसे घेऊ नयेत, आणि ज्याला तीन महिन्यांनी यायला हवं त्याला संकोच न करता बोलवावं. माझ्याच दवाखान्यातून सगळ्यांना सहा महिन्यांचा एकच मेसेज जायचा. सॉफ्टवेअरमध्ये तो खाना आधीच भरलेला येतो. मामांच्या त्या दिवाळीनंतर मी तो रिकामा करून घेतला. आता प्रत्येकाच्या नावापुढे आकडा हातानं भरायचा. पहिल्या महिन्यात एका तरुण शिक्षकांना सांगितलं, सर, तुमचं सगळं उत्तम आहे, पुढच्या वर्षी या. ते गेल्यावर रिसेप्शनवरच्या ताई माझ्याकडे अशा बघत होत्या, की मॅडमना बरं वाटत नाहीये का! पैसे खाली आले हेही खरं. मग काही महिन्यांनी त्याच सरांनी शाळेतले चार जण पाठवले. पण ते झालं म्हणून मी बरोबर ठरले असं नाही, नसते पाठवले तरी खाना रिकामाच ठेवला असता.

तर न्यू जर्सीच्या ताई, तुमच्या आईंसाठी. वय ६७ आणि शुगर, म्हणजे त्या वर्षाच्या गटात नाहीत हे तोंड न बघताही सांगते. मधुमेहानं हिरडीचा आजार वाढतो आणि हिरडीच्या आजारानं शुगर आटोक्यात राहायला त्रास होतो. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ च्या आसपास उतरते असं अभ्यासांत दिसलंय. दातांच्या खुर्चीतून एवढं मिळत असेल तर आईंना हा मुद्दा पटेल. त्यांना 'क्लीनिंगला जा' म्हणू नका. 'हिरड्या मोजून घे, एक्स-रे काढ आणि आकडे मला व्हॉट्सअॅपवर पाठव' असं म्हणा. शुगरचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्यायला सांगा, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी असेल तर. सकाळी नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊनच जायचं, उपाशी नाही. चार किंवा पाचच्या वर माप कुठे आलं, तर खोल सफाई आणि मग तीन महिन्यांनी परत. सगळं तीनच्या आत आलं, तर सहा महिने ठीक. पहिल्या भेटीचा खर्च करा, पुढच्या भेटी त्या आकड्यांवरून ठरतील.

आणि रोजचं विसरू नका. १९६५मध्ये याच हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये बारा निरोगी लोकांना ब्रश बंद करायला लावलं होतं, त्यात बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि ब्रश सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. दोन भेटींच्या मधले दिवस घरच्या ब्रशचेच असतात. आईंच्या दातांत फटी असतील तर फटीत घालायचा छोटा ब्रश मिळतो, तो घेऊन द्या. बोटांत संधिवात असेल तर ब्रशची मूठ जाड करून द्या, सायकलच्या मुठीचं रबरसुद्धा चालतं.

मामा आता दर तीन महिन्यांनी माझ्याकडे येतात, एसटीनं. शुगर सातच्या आसपास आहे. बाकीच्या दातांची मापं गेली चार वर्षं हलली नाहीत. मागच्या वेळी म्हणाले, 'आता चार महिन्यांनी येऊ का गं, एसटीत फार गर्दी असते.' मापं काढून त्यांच्यापुढे ठेवली, दोघांनी मिळून बघितली, आणि चार महिने लिहिले.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात लहान मुलांच्या दुधाच्या दातांबद्दल बोलू. ते पडणारच आहेत तर भरायचे कशाला, असं तीन जणांनी विचारलंय.